अब्बांची तकरार

मी मराठीची शिक्षिका. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली बरीचशी वैजापूर तालुक्यात. ‘तुमचं मराठी किती चांगलं हो!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ‘थँक्यू’ म्हणून मोकळी होते. कुणाला राग आला तर येवो. जिथं जन्मले, वाढले, तिथली भाषा मला येते यात शाबासकी देण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

पण एक शब्द वर्गात फळ्यावर लिहिताना माझा हात निवृत्तीपर्यंत जड होत राहिला. तक्रार. अर्जलेखन शिकवायचं म्हटलं की तो टाळता येत नसे. ‘पाणीपुरवठ्याबाबत तक्रार’ असा विषय लिहायचा, खाली रेघ मारायची, आणि पोरांचं उतरवून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचं. आमच्या घराचं वाटोळं या शब्दानं केलं असं मी म्हणणार नाही. वाटोळं माणसांनी केलं, आणि त्यांच्या अंगावर वर्दी होती. या शब्दाच्या आडून ते सुटले, एवढंच.

आमचं दुकान गुलमंडीच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. अब्बा स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करायचे. पुढं गॅस आला, स्टोव्ह कमी झाले, तरी कुकरच्या शिट्ट्या आणि गळक्या शेगड्या येतच राहिल्या. दुकानाला आणि अब्बांच्या कपड्यांना सारखाच रॉकेलचा वास यायचा. आसपासच्या खेड्यांतल्या बाया बाजाराच्या दिवशी स्टोव्ह देऊन जायच्या आणि परतताना घेऊन जायच्या. अब्बा त्यांच्याशी मराठीत बोलायचे, अगदी त्यांच्या गावचं वाटावं असं. “मावशे, लई काजळी धरलीय बघ ह्यानं,” असं ते म्हणाले की बायका हसायच्या.

बोलता मराठी यायचं, वाचता येत नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा अब्बा चौथीत होते. त्यांची शाळा उर्दू. पुढच्या काही महिन्यांत मास्तर बदलले आणि फळ्यावरची अक्षरं दुसऱ्या बाजूनं सुरू होऊ लागली, असं ते सांगायचे. चार-दोन आठवडे त्यांनी प्रयत्न केला, मग आजोबांनी त्यांना दुकानात बसवलं. सही मात्र शेवटपर्यंत उर्दूत, आणि फार देखणी.

अब्बा कुणाशी भांडत नसत. हे गुण म्हणून सांगत नाही, मला त्याचा वैतागच यायचा. शेजारच्यानं फळी आमच्या हद्दीत सरकवली, अब्बांनी आपलं बूड सरकवलं. गिऱ्हाईक उगाच आवाज चढवायचं, अब्बा मान हलवत पिन मारत राहायचे. अम्मी चिडून म्हणायची, “तुमकू बोलना आताच नै क्या?” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “मेरी किसी से तकरार नै.” उर्दूत तकरार म्हणजे भांडण, बाचाबाची. लहानपणी मला तो एकच अर्थ माहीत होता. मराठीतली तक्रार निराळी असते हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आणि तेव्हा मला त्याची मोठी गंमत वाटली होती.

हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आणखी एका ठिकाणी यायचा. मयत झाली की जनाजा उचलण्याआधी घरातला मोठा पुरुष दारात उभा राहतो आणि जमलेल्यांना विचारतो. “मरहूम से किसी का लेन-देन हो, किसी की तकरार हो, तो अब्बी बोल देव.” कुणी काही बोललं तर वारसानं म्हणायचं, “वो मेरे जिम्मे.” म्हणजे ते माझ्याकडं लागलं, गेलेल्याला आता मोकळं करा. बहुतेक वेळा कुणीच काही बोलत नाही. दोन-चार म्हातारे “नै, कुछ नै, कोई तकरार नै” म्हणतात आणि खांदे पुढं होतात. आत बसलेल्या आम्हा बायकांना ते ऐकू आलं की समजायचं, आता नेतात.

माझ्या मोठ्या भावाला दुकानातून नेलं ते भर दुपारी. साध्या कपड्यातले दोघं आले. साहेबांनी बोलावलंय, म्हणाले. कुणीतरी चोरीचं पितळ विकलं होतं आणि गुलमंडीतल्या दुरुस्तीवाल्यांनी ते घेतलं असा संशय होता. भाईनं फडक्याला हात पुसले, उघडलेला स्टोव्ह तसाच ठेवला आणि अब्बांना म्हणाला, “आताऊँ.” तो स्टोव्ह पुढं अब्बांनीच जुळवून दिला, कारण बाई गावाकडून आलेली होती आणि तिला परत जायचं होतं.

संध्याकाळपर्यंत भाई आला नाही. अब्बा आणि धाकटे चाचा ठाण्यावर जाऊन बसले. चौकशी चालू आहे, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं डबा दिला. पोलिसानं तो आत नेला आणि तासाभरानं रिकामा आणून दिला. अम्मीनं डबा उघडून पाहिला आणि तिला बरं वाटलं. भाभीला म्हणाली, “खाया देखो, पूरा खाया.” त्या दिवशी घरात सगळ्यांनी जेवण केलं. तो डबा कोणी खाल्ला हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. कारण नंतर कागदांवरून जे दिसलं त्यावरून भाई त्या सकाळी काही गिळण्याच्या अवस्थेत नव्हता.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, छातीत कळ आली, सरकारी दवाखान्यात नेलंय. दवाखान्यात अब्बांना शवागाराकडं वळवलं.

तिथं जे झालं ते मला चाचांनी सांगितलं. मी तेव्हा घरी होते, अम्मीला आणि भाभीला धरून. अब्बा शवागाराच्या बाहेर भिंतीला टेकून उभे होते. दार अर्धवट उघडं होतं आणि आत भाईचे पाय दिसत होते. उन्हं कलायला लागली होती. आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत, आणि अब्बांच्या डोक्यात एवढंच होतं की पोराला लवकर घरी न्यायचं, आंघोळ घालायची, मातीला लावायचं. एक पोलीस जमादार कागद घेऊन जबाब लिहीत होता. नाव, वय, धंदा, मयताशी नातं. माणूस वाईट नव्हता, असं चाचा म्हणतात. त्यानं अब्बांना पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. आणि शेवटी सवयीनं विचारलं, “बाबा, तुमची कुणाशी काय तक्रार?”

अब्बांनी मान हलवली. “नै साब. मेरी किसी से तकरार नै. जल्दी देव मेरे बच्चे को.”

जमादारानं लिहिलं, अब्बांनी उर्दूत देखणी सही केली, आणि भाईला त्यांच्या ताब्यात दिलं.

घरी आणल्यावर आंघोळ अब्बांनी आणि चाचांनी घातली. बाकी कुणाला आत येऊ दिलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. बाहेर आले तेव्हा चाचा कुणाकडं न बघता गल्लीत निघून गेले. अब्बा दारात उभे राहिले आणि रीतीप्रमाणे त्यांनी स्वतःच्या पोरासाठी विचारलं, “किसी का लेन-देन हो, किसी की तकरार हो…” गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. कुणी काही बोललं नाही.

त्या रात्री चाचांनी अम्मीला सांगितलं की तळपाय काळेनिळे होते, पाठीवर पट्टे होते आणि डाव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. अम्मी रडली नाही. ती उठली आणि अब्बांसमोर जाऊन उभी राहिली. “अब तो बोलोगे?” अब्बा म्हणाले, “हौ.” माझ्या आयुष्यात अब्बा कुणाविरुद्ध काही बोलायला तयार झाले ते तेव्हा.

औरंगपुऱ्यात एका जिन्याच्या वरच्या खोलीत एक वकील बसायचे. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी वकीलपत्र घेतलं. वरिष्ठांकडं अर्ज गेले, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली, कागदांच्या नकला मिळाल्या. नकला मराठीत, म्हणून त्या वाचायला मी. शनिवारी शाळा सुटली की वैजापूरहून एसटीनं यायचं आणि रविवारी सकाळी अब्बांना एकेक कागद वाचून दाखवायचा. अब्बांचा जबाब वाचता वाचता मी शेवटच्या ओळीवर आले. ‘माझा मुलगा आजारी पडून मयत झाला असून माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.’

मी वाचायची थांबले. ‘काहीएक’ हा शब्द अब्बांनी जन्मात उच्चारला नसेल.

“अब्बा, तुमे ऐसा बोले क्या?”

“क्या?”

“तक्रार नै करके.”

“हौ, बोला. तकरार नै बोला. वो पूछा किसी से तकरार है क्या, मैं बोला नै.” आणि मग माझ्या तोंडाकडं बघून, “क्यूं? उसका क्या मतलब होता?”

मी सांगितलं. अब्बांनी कागद आपल्याकडं ओढून घेतला. मग म्हणाले, “मयत सामने थी. मयत के सामने जैसा पूछते, वैसाच पूछा उसने.”

त्यांच्या कानावर पडला तो जनाज्याआधीचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला बापानं काय उत्तर द्यायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तेच दिलं. हे मला त्या क्षणी कळलं आणि मला इतका संताप आला, की कागद फाडून टाकावासा वाटला. अर्थात ती नक्कल होती, मूळ कागद त्यांच्याकडं सुरक्षित होता.

वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. “ताई, हे आपण कोर्टात मांडू. उर्दू शब्दकोश आणा.” मी आणला. मला वाटलं, एका शब्दाचा तर गोंधळ आहे, तो उलगडून सांगितला की झालं. पोरांना नाही का मी समजावून सांगत! तेव्हा मी तरुण होते आणि शिकवण्याच्या धंद्यात होते, दुसरं काय म्हणणार.

पुढची वर्षं कशी गेली ते सगळं सांगत बसणार नाही. गुन्हा तिघांवर नोंदला गेला, एक फौजदार आणि दोन शिपाई. तपास पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेकडं गेला. ही मंडळी एकाच मैदानावर कवायत करून आलेली, जबाब घ्यायला आली की एकमेकांच्या बदल्यांची चौकशी आधी. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा होत्या, पण त्या न्हाणीत पाय घसरून पडल्यानंही होऊ शकतात असंही होतं. भाईला कधी अटक केली याची नोंद तिसऱ्या दिवशीची, म्हणजे आधीचे दोन दिवस तो कागदावर कुठंच नव्हता. सरकारी माणसावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते. ती फाइल मुंबईला गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. शेवटी परवानगी आली ती दोन शिपायांपुरती. फौजदाराची बढती मधल्या काळात झालेली होती.

भाभी इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर काही दिवसांनी माहेरी गेली. तिच्या घरच्यांनी दुसरं लग्न लावलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. अम्मी मात्र कोर्टाच्या तारखांवर जगत राहिली. तारीख आली की नवा दुपट्टा काढायची आणि पुढची तारीख पडली की घडी करून ठेवायची.

साक्षीदार एकच होता. पंप चोरीच्या संशयावरून त्याच कोठडीत ठेवलेला माणूस, आणि तो निघाला वैजापूरचा. बाजार समितीत हमाली करायचा. मी मधल्या सुट्टीत त्याला भेटायला गेले. कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाला उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. “ताई, तुमचा भाऊ पानी मागत व्हता. म्या माझ्या हातानं पाजलं. दोगं जन धरायचे आन् साहेब…” पुढं त्यानं हातानंच दाखवलं. कोर्टात सांगशील का विचारलं तर म्हणाला, “व्हय, सांगन की. द्येवाला त्वांड दावायचंय.”

कोर्टात तो उभा राहिला आणि म्हणाला, मी झोपलो होतो, काही पाहिलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंडात शिव्या तयार होत्या, मास्तरणीला न शोभणाऱ्या. तो खाली बघून म्हणाला, “तुमी सुटी झाली की श्यारात जाता ताई. मला रोज गावच्या चौकीम्होरून जायचंय. दोनदा घरी येऊन गेले.” त्याच्या खांद्यावर पोत्यांनी पाडलेले घट्टे होते. शिव्या तशाच गिळल्या. पुढं बाजारात दिसला की तो रस्ता ओलांडायचा, आणि काही दिवसांनी मीच ओलांडायला लागले.

चाचांनी पाहिलेलं सांगितलं, तर ते पडले नातेवाईक. राहिले अब्बा.

अब्बांच्या साक्षीच्या दिवशी मी रजा घेतली होती. अम्मी बाकावर, मी तिच्या शेजारी. बोलायचे सरकारी वकील. आमचे वकील त्यांच्या शेजारी बसू शकत होते, चिठ्ठी सरकवू शकत होते, पण प्रश्न विचारू शकत नव्हते. आणि सरकारी वकिलांना रोज बाकीच्या खटल्यांत याच पोलिसांनी साक्षीदार आणून द्यायचे, समन्स बजावायचे. आरोपींपैकी एक शिपाई आत आला तेव्हा त्यानं त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी मान डोलावली. त्यात काही कट नव्हता, रोजची ओळख होती. मला ते जास्त भयंकर वाटलं.

अब्बांनी सरळ सांगितलं. तळपाय, पाठ, बोटं. आवाज हलला नाही. मग आरोपींचे वकील उठले. मोठे गोड बोलायचे. त्यांनी अब्बांना विचारलं, दुकान किती वर्षांपासून, गिऱ्हाईक कुठलं, त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलता. अब्बांना बरं वाटलं असावं, ते खुलले. “मराठीत साहेब. खेड्यातल्या बाया येत्यात, त्यास्नी दुसरं काय कळतं?”

“वा! मराठी छान आहे तुमचं.”

ही शाबासकी मला ठाऊक होती.

“मग स्टोव्ह पुन्हा बिघडला तर बाया तुमच्याकडं तक्रार घेऊन येतात ना?”

“येत्यात की.”

“म्हणजे तक्रार या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.”

आमच्या वकिलांनी चिठ्ठी सरकवली. सरकारी वकिलांनी ती वाचली आणि खाली ठेवली. अब्बांच्या एव्हाना लक्षात आलं होतं. ते न्यायाधीशांकडं वळले. “आज माहीत हाय साहेब.”

“आजचं नाही विचारत. त्या दिवशी माहीत होता की नव्हता?”

अब्बांनी ‘नव्हता’ म्हणायचं होतं. वकिलांनी आदल्या दिवशी तसं सांगितलंही होतं. एक शब्द. मी मनातल्या मनात तो त्यांच्या तोंडात घालत होते. पण शपथ घेतलेली, आणि अब्बा ते अब्बा. ते विचार करत राहिले. इतका वेळ, की टायपिस्टनं मान वर करून पाहिलं.

“त्या दिवशी बी माहीत आसंल साहेब,” अब्बा म्हणाले. “पन त्या दिवशी माझं पोरगं आत व्हतं.”

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, “मला त्या दिवशी तक्रार या शब्दाचा अर्थ माहीत होता.” टाइपरायटरच्या पट्ट्या वाजल्या. दुसरं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अम्मीनं मला विचारलं, “क्या लिखे?” मी म्हटलं, “जो बोले वोच.”

निकालात तेच आलं. मयताच्या वडिलांनी पहिल्याच संधीला तक्रार नसल्याचं सांगितलं, त्याचा अर्थ त्यांना कळत होता, सबब नंतरचे आरोप मागाहून सुचलेले दिसतात. संशयाचा फायदा देऊन दोघांची मुक्तता. वरच्या कोर्टात जायचं तर सरकारनं जायला हवं होतं, सरकार गेलं नाही. आम्ही आमच्या परीनं अर्ज केला. तो अजूनही कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल, किंवा नसेल.

अम्मी त्यानंतर फार राहिली नाही. दुपट्टा घडी करून ठेवायला तारीखच उरली नव्हती.

आणि अब्बा भांडायला लागले. हे ऐकून लोक हसतात, मीही तेव्हा हसले होते. दूधवाल्याशी, नळ सोडणाऱ्याशी, एसटीत पाय पसरून बसणाऱ्याशी. फळी सरकवणाऱ्या शेजाऱ्याची फळी त्यांनी वीस-पंचवीस वर्षांनी मागं ढकलली. शेजारी म्हातारा झालेला, तो बिचारा बघतच राहिला. भांडता मात्र येत नव्हतं त्यांना. दोन वाक्यं झाली की शब्द संपायचे आणि नुसतेच उभे राहायचे. मी म्हटलं, “अब्बा, इस उमर में क्या लगाए ये?” तर म्हणाले, “सीखराऊँ.”

एकदा ते एकटेच त्या ठाण्यावर गेले. तिथल्या तरुण पोलिसानं विचारलं, “काय बाबा, काही तक्रार?” अब्बा म्हणाले, “हौ, तक्रार हाय. म्या नाय म्हणलो व्हतो, ते खोडा.” पोलिसाला काही उमगेना. त्यानं चहा मागवला, पत्ता विचारला आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. त्याचा तेव्हा जन्मही झालेला नसेल कदाचित. चांगला होता पोरगा.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना माझ्याकडं नेलं नाही, ते गल्ली सोडायला तयार नव्हते. मी शाळेतून निवृत्त झाले होते, म्हणून मीच येऊन राहिले. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. डोळे मिटूनच ते म्हणाले, “मेरे जनाजे पे तेरे चाचा पूछेंगे.”

“क्या पूछेंगे?”

“तकरार का. फिर खुदीच बोलेंगे, इनकी किसी से तकरार नै थी. आदत है उसकू.” थोडा वेळ श्वास घेत राहिले. “नक्को बोलने देना.”

मी म्हटलं, मी तर आत असेन बायकांमध्ये. अब्बांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. माझ्या चांगल्या मराठीचं कौतुक करणाऱ्यांपैकी ते कधीच नव्हते. “तेरा आवाज तो बड़ा है,” ते म्हणाले.

शहराच्या पाट्यांवर आता नवीन नाव आलंय. गल्ली तीच आहे. अब्बा गेले त्या दिवशी ओळखीचे सगळे आले, खेड्यांतल्या काही बायासुद्धा, ज्यांच्या सासवा आमच्याकडं स्टोव्ह द्यायच्या. आंघोळ झाली, कफन झालं. चाचा आता वाकलेले, काठी धरून दारात उभे राहिले. आत पडद्यामागं बायका बसल्या होत्या, मी पडद्याला लागून.

“मरहूम से किसी का लेन-देन हो, किसी की तकरार हो, तो अब्बी बोल देव,” चाचांनी विचारलं. बाहेर म्हाताऱ्यांचे आवाज आले. नै, कुछ नै, फरिश्ता आदमी था. आणि मग चाचा सवयीनं म्हणाले, “इनकी भी किसी से तकरार नै थी.”

“थी,” मी म्हटलं.

शेजारच्या खालाजाननं माझा हात धरला. जनाज्याला घरातली बाई बोलत नाही. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा.

“तकरार थी. अब्बी भी है. और वो मेरे जिम्मे.”

चाचा किती वेळ तसेच उभे होते मला दिसत नव्हतं, पडदा होता मध्ये. काठी जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. मग त्यांनी घसा साफ केला आणि कुणीतरी कागदावर उतरवून घेत असावं इतकं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सगळ्यांना सांगितलं, “मरहूम की एक तकरार बाकी है. बेटी के जिम्मे.”

मग पुरुषांनी अब्बांना उचललं.